घरच्या जाळीवर मटण बर्गर आणि सोबत खमंग काकडी: नेमकं कुठे बिघडतं आणि कसं जमवायचं

गच्चीवर जाळी लावून बर्गर करायचं ठरतं, हौसेने सगळं सामान आणलं जातं, आणि शेवटी हातात काय येतं तर चेंडूसारखा फुगलेला, आतून कोरडा, चावायला रबरासारखा गोळा. नाहीतर मग उलटताना अर्धी पॅटी जाळीला चिकटते आणि अर्धी कोळशात पडते. दोन्ही वेळेला आपण विस्तवाला दोष देतो, पण मी जेवढे बिघडलेले बर्गर बघितलेत त्यातले बहुतेक विस्तवावर जायच्या आधीच बिघडलेले होते, खिमा आणताना, धुताना किंवा मळताना.

त्याचं कारण समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. नेटवरच्या बहुतेक रेसिपी बीफच्या खिम्यावर बेतलेल्या असतात ज्यात वीस टक्के चरबी धरलेलीच असते. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईसोबत वळू-बैलाचं मांसही बंद आहे, आणि घराघरात मटण म्हणजे बोकडाचंच येतं. बोकडाच्या मांसात चरबी फार कमी, त्यामुळे तीच कृती जशीच्या तशी केली की पॅटी कोरडी होणारच. दुसरं म्हणजे आपला हात खिमा, कबाब आणि कटलेटला सरावलेला आहे, म्हणून आपण सवयीने धुतो, आलं-लसूण घालतो, मीठ घालतो, मळतो. कबाबला हे सगळं बरोबर आहे, बर्गरला नाही.

खालचं प्रमाण ६ बर्गरचं आहे. जेवण रात्री आठला आहे असं धरून वेळाही दिल्यात.

१. खिमा आणणे (संध्याकाळी साडेपाचपर्यंत घरी)

खाटकाकडे जाऊन नुसतं "एक किलो खिमा द्या" म्हणू नका. खांद्याचं बोनलेस मटण ७०० ग्रॅम आणि वेगळी चरबी १५० ते १७५ ग्रॅम अशी मागणी करा. मांडीचं मटण दिसायला छान असतं पण ते फारच कोरडं, त्यामुळे खांदाच मागा. चरबी पांढरी आणि घट्ट हवी, पिवळट किंवा वास येणारी नको. अनेकदा खाटीक आपणहून सगळी चरबी काढून टाकतो कारण गिऱ्हाईक चरबी बघून कुरकुरतं, म्हणून आधीच स्पष्ट सांगायचं की चरबी हवीये आणि ती मटणासोबतच मशिनमधून काढायची.

मशिनला जाड जाळी लावायला सांगा आणि खिमा एकदाच काढायचा. दोनदा काढलेला बारीक खिमा कबाबला चालतो, बर्गरमध्ये त्याची पेस्ट होते.

आता सगळ्यात मोठी चूक. खिमा धुवायचा नाही. धुतलेल्या खिम्यात पाणी अडकून बसतं, कितीही निथळा ते निघत नाही, आणि जाळीवर गेल्यावर पॅटी भाजायच्या ऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजते, वर तो खरपूस तपकिरी थर येतच नाही. धुवायचंच असेल तर तुकडे असताना धुवा, चाळणीत अर्धा तास निथळा, स्वच्छ कपड्याने कोरडे करा आणि मग खिमा काढा. बरेच खाटीक सकाळी नेलेले तुकडे संध्याकाळी मशिनमधून काढून देत नाहीत, तेव्हा दुकानातच तुकडे धुऊन पुसून घ्यायला सांगायचं, गर्दीची वेळ टाळून गेलात तर करून देतात.

घरी आल्या आल्या खिमा पसरट डब्यात घालून २० मिनिटं फ्रीजरमध्ये. गोठवायचा नाहीये, फक्त चांगला गार करायचाय. चरबी गार आणि कडक असली तरच ती खिम्यात दाण्या-दाण्याने राहते आणि विस्तवावर गेल्यावर आतल्या आत विरघळते, हाताच्या उबेने आधीच वितळली तर सगळं लगदा.

*तपासा:* खिम्यात पांढरे ठिपके स्पष्ट वेगळे दिसतायत का? सगळाच गुलाबी-पांढुरका एकजीव दिसत असेल तर तो गरम झालाय, परत फ्रीजरमध्ये ठेवा.

*सावध:* उन्हाळ्यात कच्चा खिमा एका तासापेक्षा जास्त बाहेर राहता कामा नये, एरवी दोन तास. दुकानातून घरी यायचा वेळ त्यातच धरायचा.

२. पॅटी थापणे (सहा वाजता)

इथे आपला हात आवरायचा असतो. खिम्यात काहीही घालायचं नाही. कांदा नाही, आलं-लसूण पेस्ट नाही, अंडं नाही, ब्रेडचा चुरा नाही, आणि मुख्य म्हणजे मीठ नाही. मला माहितीये की हे वाचून बऱ्याच जणांना आळणी वाटणार, पण जरा ऐका.

मीठ आधी मिसळलं की मांसातली प्रथिनं सुटतात आणि एकमेकांना घट्ट चिकटतात, सॉसेजचा जो लवचिकपणा असतो तो त्यातूनच येतो. बर्गरला तो नको, बर्गर दाताखाली मोकळा सुटला पाहिजे. कांदा आणि पेस्ट पाणी सोडतात. कच्ची पपई तर अजिबात नको, कबाबच्या सवयीने लोक घालतात आणि मग पॅटी जाळीवर ठेवली की पिठल्यासारखी खाली ओघळते. चव आपण बाहेरून देणार आहोत, मीठ, मिरपूड, धूर आणि ठेच्याचा सॉस, तेवढी पुरते.

खिम्याचे साधारण १४० ग्रॅमचे सहा गोळे करा. मळायचं नाही, नुसतं गोळा होईल एवढंच जवळ आणायचं, लाडू वळतो तसा दाबून वळू नका. मग थालीपिठाला घेतो तशी दुधाची पिशवी कापून, स्वच्छ धुऊन पुसून घ्या, एका कागदावर गोळा ठेवा, वर दुसरा कागद, आणि एखाद्या डब्याच्या सपाट झाकणाने दाबा. पॅटी साधारण ११ सेंटीमीटर रुंद आणि दीड सेंटीमीटर जाड झाली पाहिजे, म्हणजे बनपेक्षा सगळीकडून थोडी बाहेर. ही मोठी वाटते पण भाजल्यावर आकसते, आणि बनएवढीच थापलीत तर शेवटी बनच्या मधोमध एक छोटीशी टिक्की बसलेली दिसते.

कडा फाटल्या असतील तर बोटाने मिटवून घ्या. मग प्रत्येक पॅटीच्या मध्यभागी अंगठ्याने उथळ खळगा करा, मेदूवड्यासारखं भोक नाही, नुसता खळगा. भाजताना कडा आधी आकसतात आणि मधला भाग वर फुगतो, खळगा असला की तो फुगून सपाट होतो. चेंडूचा प्रश्न इथेच मिटतो.

ताटात प्लास्टिकसकट ठेवून, झाकून फ्रीजमध्ये. कमीत कमी एक तास.

*सावध:* कच्च्या खिम्याचे हात, ताट, झाकण लगेच साबणाने धुवा. त्याच पाटावर पुढे काकडी चिरायचीये हे डोक्यात ठेवा, जमल्यास पाट आणि सुरी वेगळीच घ्या.

३. सॉस, कांदा, टोमॅटो (साडेसहा)

याला फार वेळ लागत नाही. १०० ग्रॅम चक्का, दोन चमचे मेयोनीज, अर्धा चमचा हिरव्या मिरचीचा ठेचा, एक पाकळी लसूण ठेचून, चवीला मीठ. चक्काच घ्या, दही घेतलंत तर बन भिजतो. कांद्याच्या आणि टोमॅटोच्या जाड चकत्या करा, टोमॅटोवर चिमूटभर मीठ टाकून दहा मिनिटांनी कागदाने टिपून घ्या. लेट्यूस असेल तर पूर्ण कोरडं करा. नसेल तर पातळ चिरलेला कोबी गार पाण्यात ठेवून निथळून घ्या, मला तर तोच जास्त आवडतो.

४. काकडीची अर्धी तयारी (पावणेसात)

सोबत फ्राईज नकोत असं माझं स्पष्ट मत आहे. बर्गर चरबीचा, चीज चरबीचं, त्यावर तळण म्हणजे दुसरा बर्गर खायची इच्छाच राहत नाही. खमंग काकडी गार, आंबट आणि करकरीत असते, ती प्रत्येक घासाला तोंड साफ करते.

चार-पाच कोवळ्या काकड्या घ्या. प्रत्येकीचं टोक कापून चाखून बघा, एक कडू निघाली तर सगळी वाया. सोलून चोचवून घ्या, म्हणजे काकडी हातात धरून सुरीने उभे बारीक घाव घालायचे आणि मग वरून पातळ कापत जायचं. किसणीवर किसू नका, किसलेल्या काकडीचा लगेच लगदा होतो आणि करकरीतपणा, ज्याच्यासाठी आपण हे करतोय, तोच जातो. मुठीत धरून हलक्या हाताने पिळा. पाणी फेकू नका, दुसऱ्या दिवशीच्या थालीपिठाच्या पिठात जाईल. डबा बंद करून फ्रीजमध्ये.

मीठ, लिंबू, कूट आत्ता घालायचं नाही. मीठ घातलं की दहा मिनिटांत पाणी सुटतं आणि कूट ते पाणी पिऊन चिकट होतं. वाटीत वेगवेगळं काढून ठेवा: तीन चमचे दाण्याचं कूट (नेहमीपेक्षा कमी, कारण बर्गर आधीच जड आहे), तीन चमचे ओलं खोबरं, एक मोठं लिंबू, एक चमचा साखर, दोन हिरव्या मिरच्या, कोथिंबीर.

५. विस्तव (सात वाजून दहा मिनिटांनी)

आधी जागा. कोळसा नेहमी उघड्यावर पेटवायचा, गच्ची किंवा अंगण. काचा लावलेली बाल्कनी, गॅलरी, स्वयंपाकघर इथे कधीच नाही, पंखा लावला तरी नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नसतो, डोकं जड होऊन झोप येतीये एवढंच कळतं आणि माणसं जातात. सोसायटीची गच्ची असेल तर आधी विचारून घ्या. बाहेर जागाच नसेल किंवा पाऊस असेल तर गॅसवर बिडाचा तवा चांगला धूर येईपर्यंत तापवून त्यावर भाजा, खिडकी उघडी ठेवून. धुराची चव नाही येणार पण बर्गर उत्तम होतो, बाकी सगळे टप्पे तेच.

लाकडी कोळसा साधारण दीड किलो लागेल. दगडी कोळसा नको. पेटवायला रॉकेल किंवा पेट्रोल अजिबात नाही, धोका तर आहेच शिवाय तो वास मांसात उतरतो. वाळलेल्या नारळाच्या करवंट्या फोडून खाली ठेवा, मध्ये दोन-तीन कापराच्या वड्या, वर कोळशाचा उंच ढीग. करवंटी जोरात आणि बराच वेळ जळते, दुसरं काही लागत नाही. पुठ्ठ्याने वारा घाला.

घाई इथेच होते. ज्वाळा दिसल्या की लोक जाळी ठेवून मोकळे होतात. ज्वाळेवर बाहेरून काळं आणि आतून कच्चं, हा हमखास निकाल. थांबायचं, २५ ते ३० मिनिटं, कोळशावर सगळीकडे राखाडी थर येईपर्यंत.

मग सगळे निखारे एका बाजूला ओढा, दुसरी अर्धी बाजू रिकामी. म्हणजे एक बाजू कडक आणि एक मंद. बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या पेटीतसुद्धा हे जमतं, आणि माझ्या मते विस्तवातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कारण चरबी टपकून भडका उडाला की पॅटी सरकवायला जागा असते.

जाळी ठेवून पाच मिनिटं तापू द्या. मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवा आणि जाळी घासून काढा. तारेचा ब्रश वापरत असाल तर जाळीवर तुटलेली तार राहिली नाही ना हे बघाच, ती अन्नातून पोटात जाऊ शकते.

*तपासा:* जाळीच्या वर चार बोटं अंतरावर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत हात काढावासा वाटला की आच बरोबर. पाच सेकंद धरता आला तर कमी आहे, वारा घाला किंवा निखारे जवळ ओढा.

६. भाजणे (पावणेआठ ते आठ)

पॅटी आत्ता फ्रीजमधून काढा, आधी नाही. एका पॅटीला दोन्ही बाजू मिळून पाव लहान चमचा मीठ आणि भरपूर ताजी मिरपूड. हवी तर भाजलेल्या जिऱ्याची पूडही भुरभुरवा. बोटाने थोडंसं तेल वर पुसा. मीठ लावलं की लगेच जाळीवर, खळग्याची बाजू वर.

कडक बाजूला ठेवा आणि हात लावू नका. तीन मिनिटं. पहिल्या मिनिटाला उचलायला गेलात तर चिकटलेली असते आणि फाटते, थर तयार झाला की ती स्वतःहून जाळी सोडते. रुंद उलथनं खाली घालून एका झटक्यात उलटा, चिमट्याने उचलायची नाही. दुसरी बाजू अजून दोन-तीन मिनिटं.

उलथन्याने दाबायचं नाही. दाबल्यावर जो चर्र आवाज येतो तो ऐकायला छान वाटतो, पण तो तुम्ही पैसे देऊन मागून घेतलेल्या चरबीचा आवाज आहे, आणि ती कोळशावर गेली.

भडका उडाला तर पॅटी रिकाम्या बाजूला सरकवा आणि झाकण ठेवा, अर्ध्या मिनिटात विझतो. पाणी मारू नका. मी पहिल्या वर्षी पेलाभर पाणी ओतलं होतं, राख उडून सगळ्या पॅटींवर बसली आणि वाफेने मनगट भाजलं, त्या रात्री पाहुण्यांना वरण-भात वाढला.

दोन्ही बाजू तपकिरी झाल्या की सगळ्या पॅटी मंद बाजूला. त्यावर चीजची चकती, वरून पातेलं उपडं घाला, दोन मिनिटं. जागा कमी असेल तर तीन-तीनच्या दोन खेपा करा, गर्दी नको.

*तपासा:* खिमा आतपर्यंत शिजलाच पाहिजे, अखंड मटणाच्या तुकड्यासारखा आतून गुलाबी ठेवून चालत नाही, कारण वरच्या पृष्ठभागावरचे जंतू मशिनमधून सगळीकडे मिसळलेले असतात. डिजिटल थर्मामीटर बाजूने आडवा मध्यापर्यंत घाला, मटणाला ७१ अंश सेल्सिअस, चिकनच्या खिम्याला ७४. रंगावरून अंदाज बांधू नका, रंग फसवतो. थर्मामीटर फार महाग वस्तू नाहीये आणि नेहमी करणार असाल तर घ्याच. नसेल तर एक पॅटी मधोमध तोडून बघा आणि बाकीच्या त्यापेक्षा मिनिटभर जास्त ठेवा.

*सावध:* भाजलेल्या पॅटीला नवं ताट. कच्च्या पॅटीचं ताट परत वापरायचं नाही, उलथनंही शेवटच्या उलटण्यानंतर धुऊन घ्या.

७. थांबा, आणि तेवढ्यात बन व फोडणी

पॅटी काढल्या की तारेच्या जाळीवर तीन मिनिटं ठेवा, सपाट ताटात ठेवल्या तर खालून वाफेने ओल्या होतात. या तीन मिनिटांतच दोन कामं करायची आहेत म्हणून जवळ एक माणूस मदतीला हवा.

एक, बन. आडवे कापून आतल्या बाजूला लोणी लावा आणि उपडे जाळीवर, अर्ध्या मिनिटात खरपूस होतात. न भाजलेला बन रस शोषून खालून फुटतो. बेकरीचे फार गोड बन टाळा. लादी पाव छोटा पडतो. गोव्याकडे असाल तर पोई घ्या, आतून पोकळ असते आणि कोंड्याची जाड साल रस छान धरून ठेवते, माझ्या मते या बर्गरला तीच सगळ्यात चांगली.

दोन, काकडी. फ्रीजमधून काढा, मिरची, खोबरं, साखर, लिंबू, मीठ, कोथिंबीर घालून हलवा, सगळ्यात शेवटी कूट. चमचाभर तुपात जिरं तडतडवा, हिंग, कढीपत्ता, आणि वरून ओता. फोडणी पडली की पाच मिनिटांत ताटात आली पाहिजे.

८. रचणे आणि वाढणे

खालचा बन, सॉस, कोबी किंवा लेट्यूस, मग पॅटी, कांदा, टोमॅटो, वरच्या बनला परत थोडा सॉस. भाजी पॅटीच्या खाली यासाठी की ती रस अडवते आणि बन कोरडा राहतो. टोमॅटो खाली गेला तर सगळं घसरतं.

आणि लगेच खा. उरलेल्या मटणाच्या रश्श्यावर फ्रीजमध्ये पांढरा थर धरतो बघा, तसंच इथे होतं, बोकडाची चरबी गार झाली की टाळूला चिकटते. म्हणून सगळ्यांचे सहाच्या सहा बर्गर एकदम रचून फोटो काढत बसण्यापेक्षा जो तयार होईल तो देत चला, वाट बघायला लावू नका.

चिकन किंवा शाकाहारी करायचं असेल तर

चिकनला मांडीचा खिमा घ्या, छातीचा कोरडा पडतो. तो हाताला चिकटतो म्हणून हात पाण्याने ओले करून थापा. राजमा किंवा बटाट्याची टिक्की जाळीवर टिकत नाही, बिडाचा तवा निखाऱ्यांवर ठेवून त्यावर करा, आणि मांस ठेवलेल्या जाळीपासून लांब, वेगळ्या उलथन्याने.

नंतरची कामं

कच्च्या पॅटी उरल्या तर मध्ये प्लास्टिकचा कागद घालून त्याच रात्री गोठवा, पुढच्या वेळी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सोडवायच्या. भाजलेली उरली तर दुसऱ्या दिवशी कुस्करून कांदा-टोमॅटोत परता, खिमा-पाव होतो. फोडणी घातलेली काकडी मात्र उरवू नका.

निखारे वरून विझलेले दिसले तरी आत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत धग असते. झाकण लावून हवा बंद करा आणि तसेच राहू द्या. राख पूर्ण गार झाल्यावर लोखंडी बादलीत काढा, कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात रात्रीच टाकू नका.